झाकणावरचा अंगठा

सॉडरहाम्न,
६ सप्टेंबर

प्रिय याल्मार भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. आम्ही ठीक. यंदा लिंगोनबेरी उदंड आल्यात, मुरंबा करून करून माझे हात लाल झालेत. छातीचं दुखणं कसं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अक्षर सगळं सांगतं.

तुम्ही विचारलंत, "बाबांची साब गाडी अजून का होत नाही? आल्वार ती ढकलत आणणार आहे का?" वाचून आल्वार आणि मी दोघंही हसलो.

इंजिन केव्हाच तयार आहे. घोडं अडलंय ते त्याच्या वरच्या झाकणापाशी. आल्वारला त्यावर मामंजींच्या वेळचा लाल रंग हवा, तोही पावडरचा, भट्टीत भाजलेला. रंग देते बंदराजवळची इंगेर, पण तयारी ज्याची त्याने करायची. त्याने जुना रंग काढला, वाळूचा मारा केला, आतल्या पत्र्यामागची वाळू कण न् कण झटकली. ती राहिली तर तेलात उतरून इंजिन खाते. मग झाकण नुसतंच तापवलं, तर इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल घामासारखं बाहेर आलं. पुन्हा धुणं, पुन्हा तापवणं. बोल्टच्या भोकांना रबरी बुचं, कडांना पट्टी. एवढं झाल्यावर उघडं बोट लागता कामा नये. लागलं, तर तिथे रंग धरत नाही.

आणि दर वेळी, नेमका न्यायच्या दिवशी, झाकणावर बोटाचा तेलकट ठसा निघतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. इंगेर म्हणते, "आल्वार, तुझ्या घरात भूत आहे, आणि ते लोणी खातं!"

मध्येच उठून खिडक्या पुसून आले. आज एका जागी बसवतच नाही. शेजारच्या एब्बाने कुत्रा आणलाय, दिवसभर भुंकतो.

भावोजी, भूत मीच.

हिवाळ्यात आल्वारचं हृदय बंद पडता पडता राहिलं, तुम्हाला ठाऊक आहे. लांब गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हा ऐकणारा आहे का? तुमचा दोघांचा शब्द ठरलेला: बाबांची गाडी घेऊन तो तुमच्या दारात येणार, आणि तोवर तुम्ही तग धरणार. म्हणून वेलचीचे बन करता करता मी लोण्याचा अंगठा टेकवायचे, आणि वर त्यालाच विचारायचे, "कॉफी घेतोस ना?" लाज वाटत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

काल अंगठा टेकवला आणि पाहते तर मागे तोच उभा. म्हणाला, "जरा जोरात दाब. मागचा ठसा पुसट होता, इंगेर झाकण घेतच होती."

"तुला माहीत होतं?"

"मग! लोण्याशेजारी झाकण आणून ठेवतं कोण?"

"आणि तोंडातून चकार शब्द नाही?"

तो खुर्चीत बसला. "याल्मार गाडीसाठी थांबलाय, मार्ता. गाडी झालीच नाही, तर तो जाणार नाही."

पिकल्या केसांचा माणूस आणि हा हिशेब! मी भडकले. "अरे, तो तिथे दाराकडे डोळे लावून बसलाय आणि तू इथे झाकण घासतोयस! आणि मी बावळट तुला मदत करतेय!" मग दोघंही रडलो. बन करपले, ते पक्ष्यांना घातले.

शुक्रवारच्या रेल्वेची तिकिटं काढली आहेत. गाडी इथेच राहील. आल्वारला हे लिहायला जमत नाही, दोनदा कागद घेऊन बसला आणि उठून गेला. शब्द मोडला म्हणून तुम्ही खवळाल. खुशाल शिव्या द्या, पण समोर बसवून द्या.

गाडीची वाट बघू नका, भावोजी. आमची बघा.

तुमची वहिनी,
मार्ता