हणमंतरावांचा बैल दोनदा वेशीतून जातो

मु. पो. बेलखेडी, ता. औसा, जिल्हा लातूर (जिल्हा नवा, घर जुनंच)

तीर्थस्वरूप दाजी,

धाकट्या मेव्हण्याचं डोकं आपल्या पायांवर. आक्काचे गुडघे काय म्हणतात? लोह्याकडं चार थेंब पडले असतील तर हळूच कळवा, इथं ऐकणाऱ्याला भोवळ येते.

मला शाळेत चित्रकलेची जागा मिळाली का, असं आपण विचारलं होतं. तेच सांगतो, पण मधे बैल येतो. जागा देणारे संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल नेण्याचा मानही त्यांचाच. यंदा दुष्काळानं त्यांची जोडी छावणीत. गावात उरला एकटा ढवळ्या, तोही त्यांचे भाऊबंद व्यंकटराव यांचा (छावणीपर्यंत चालवेना म्हणून राहिलेला). म्हणजे मान गेलाच. हणमंतरावांनी मला बोलावलं. "शेषेराव, हुबेहूब बैल करा. मान राहिला तर सोमवारी हजेरीपटावर सही करा."

मी बांबूचा सांगाडा केला, गोणपाट शिवलं, वर कागदाचा लगदा, रंग, खाली हातगाडीची चाकं. आमची लेक सिंधू म्हणाली, "डोळे लई शहाणे दिसायलेत, बैलाचे वाटंनात." डोळे मठ्ठ केले. मग हणमंतराव आले आणि भडकले, कारण मी फासळ्या काढल्या होत्या. (यंदा फासळ्या नसलेला बैल कुणी पाहिलाय?) म्हटलं, हे नैसर्गिक आहे. "नैसर्गिक छावणीत हाय! तुम्ही चांगला करा." मी फासळ्या पुसल्या आणि पोट गरगरीत दिसावं म्हणून आत कडबा ठासून भरला. चूक ती इथं झाली.

पोळ्याला सारा गाव वेशीत. हलगी कडाडत होती. ऐंशीच्या केवळाबाईंनी सवयीनं माझ्या बैलाच्या तोंडाला पुरणपोळीसुद्धा लावली. मागं ढवळ्या. त्याला शेपटीखालून डोकावणारं कडब्याचं एक ताट दिसलं. दोन महिन्यांत त्यानं असला कडबा पाहिला नव्हता. त्यानं ओढलं. गोणपाट फाटलं. पुढून माझा बैल ऐटीत तोरणाखाली शिरत होता, मागून ढवळ्या त्याला तितक्याच शांतपणे खात होता. पोट खपाटीला गेलं, लगदा गळाला आणि बांबूच्या फासळ्या उघड्या पडल्या. दाजी, इतकं नैसर्गिक काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

व्यंकटरावांची माणसं ओरडली, "अर्धाच बैल गेला! मान बाद!" हणमंतरावांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला माझा सोमवार जाताना दिसला. तेवढ्यात केवळाबाई पुढं झाल्या. "बाद कसा रं? पुढचा अर्धा आधी गेला, मागचा अर्धा ढवळ्याच्या पोटात बसून गेला. हणमंताचा बैल दोनदा गेला की!"

आधी व्यंकटराव हसले, मग हणमंतराव डोळे पुसेपर्यंत हसले. सोमवारी मी सही केली.

आपला,
शेषेराव (मास्तर)

ता. क. : आपण विकत घेऊन आमच्या माळवदावर ठेवलेला कडबा होता ना, तोच तो. आक्काला सांगू नये.

आणखी ता. क. : बैलाचं उरलेलं मुंडकं दारात ठेवलंय. ढवळ्या रोज येऊन त्याच्यापुढं तासभर उभा राहतो. माझी कला पाहून आजवर कुणाला भूक लागली नव्हती. असा रसिक उपाशी परत पाठवणं बरं दिसत नाही. कडबा न्यायला आपण गाडी आणणारच होता, तर येताना भरूनच आणा.