दोरातलं रान

बाई, आज कपडे वाळत घालताना दोरी निसटली, जमिनीवर वेडीवाकडी पसरली, आणि तुम्ही आठवलात.

सत्तर-एकाहत्तर सालची आपली पाटणजवळची शाळा. लांबी गुणिले रुंदी मला झोपेतसुद्धा यायचं. उत्तर बरोबर आलं की मी शाबासकीची वाट बघत उभी राहायचे, आणि तुम्ही विचारायचात, "कशावरून?" असा संताप व्हायचा माझा! चुकलेल्यांनाही तेच आणि मलाही तेच? एकदा मी रडलेच, तर म्हणालात, "पुस्तकातलं नको. तुला दिसलेलं सांग." मग एके दिवशी तुम्ही विहिरीचा दोर मैदानात आणलात, टोकं बांधून त्याचं लांबट, चिंचोळं रान केलंत, पुन्हा तोच दोर ताणून चौरस. मोठं कुठलं? "सारखीच," आम्ही एका सुरात. दोर तोच होता ना! तुम्ही चूक म्हणाला नाहीत, आम्हालाच आत खेटून उभं केलंत. चिंचोळ्यात जेमतेम एक रांग मावली. चौरसात सगळा वर्ग मावला, वर जागा उरली. क्षेत्रफळ मला त्या दिवशी पायाखाली कळलं.

आणि नेमके तेव्हाच माझे वडील, आबा, येतात. पलटणीतून पेन्शनवर आलेले. मला शाळेतून काढायचं त्यांच्या मनात घोळतच आहे. "आवं बाई, पाढं सोडून ह्यो काय खेळ मांडलाय? ह्यापरीस पोरगी रानात कामाला येऊ दे की." तुम्ही वाद घालत नाही. दोर दाखवून त्यांनाही तोच प्रश्न. "सारखंच की," आबा म्हणतात. तुम्ही माझ्याकडं बघता, "दाखव त्यांना." मी आबांचा हात धरून त्यांना दोरात उभं करते, मैत्रिणींना हाका मारते, बोलत सुटते. आबा म्हणतात, "आता परत चिंचोळं करून दाव." दोनदा करायला लावतात. जाताना तुम्हाला एवढंच सांगतात, "उद्या येळंवर धाडतो हिला."

पुढं सांगलीत मी जन्मभर मुलींना गणित शिकवलं, दोर घेऊनच. तुम्ही गेल्याचं फार उशिरा कळलं. आता हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून ठेवते. फक्त एक सांगायचं होतं. मी तुमची सगळ्यांत लाडकी होते, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. कशावरून, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.