गिऱ्हाइकाचं माप

नवीन पनवेल,
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आईंना,
समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे बरी आहे. तुमच्या गुडघ्याचं काय ते मात्र खरंखरं कळवा, 'बरं हाय' एवढ्यावर भागवू नका. काशीरामभाऊंच्या टेम्पोतून पाठवलेली सुकट आणि चिंचेचा गोळा पोचला. सुकटीचा डबा उघडला तशी शेजारच्या काकूंनी धाडकन खिडकी लावून घेतली. मग मी दुसऱ्या दिवशी आमची खिडकी सताड उघडी ठेवून भाजली. घरमालकांना वास आवडला, म्हणजे माझा भाडेकरार सुरक्षित आहे.

शैलेशदादा म्हणतात की पत्रं कसली लिहिता, माझ्या फोनवर बोला. त्यांना काय सांगणार? प्रितम गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हापासून तुम्ही तो कानाला लावलेला नाही, हे मला माहीत आहे. आणि खरं सांगू, मलाही लिहिणंच बरं पडतं. लिहिताना खोडता येतं.

आता कामाचं. तुम्ही मला क्रोशा शिकवलात तो तोरणं आणि रुमाल करायला. तुमच्या घरात फ्रीजलासुद्धा झबलं आहे. इकडे मुलींना वेगळंच हवं असतं. कॉर्सेट म्हणतात त्याला. म्हणजे अंगाला चपखल बसणारी चोळी, पण उभ्या कळ्या जोडून केलेली, मागे दोरीने आवळायची. दोन कळ्यांच्या मध्ये कडक पट्टी घालावी लागते, नाहीतर बाई खाली बसली की चोळी गोळा होऊन वर येते. कॉलेजच्या मुलींसाठी मी अशा बऱ्याच केल्या. हात बसला होता.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने मात्र पूर्ण ड्रेस सांगितलाय. वर कॉर्सेट, खाली पायघोळ घेर, सगळं एकाच सुती दोऱ्यात. लग्नात घालायचाय. लग्न साधंच आहे, नोंदणीचं. दुसरेपणाचं. पहिला नवरा वारला बिचारीचा. तिला हिरवं नको, पिवळं नको, लालही नको. शालू एकदा नेसून झाला, म्हणते, पुन्हा तोच कसा नेसू? दुसऱ्यांदा लग्न करणारीने काय घालायचं हे कोणी ठरवूनच ठेवलेलं नाही, तर आपणच काढू काहीतरी. शेवटी ताकाचा रंग ठरला.

चोळीची आखणी मी स्वतः केली. वर छातीपाशी टाके वाढवत न्यायचे, कमरेशी कमी करायचे, पुन्हा खाली वाढवायचे. सगळं मुक्या खांबाचं, आखूड टाक्याचं, म्हणजे वीण दाट राहते आणि आतलं अस्तर दिसत नाही. पट्ट्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आणून दिल्या. त्याच्या कारखान्यात खोकी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या. प्रत्येकीच्या कडा कानशीने घासून गोल करून आणल्या, तिला टोचू नयेत म्हणून.

घोडं अडलंय ते पुढच्या मधल्या कळीवर. बाकी सगळ्या कळ्या मापात येतात, हीच आखडते. उसवून तीनदा केली. सुई तीच, दोरा तोच, टाके मोजून तेवढेच. तरी कमरेशी चिमटा घेतल्यासारखी होते. ती कळी सोबत पाठवते आहे, तुम्ही एकदा बघा. गिऱ्हाइकाचं मापही लिहिते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल: छाती चौतीस, कंबर एकोणतीस, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता, पाठीला किंचित पोक.

बाई स्वभावाने बरी आहे, पण फार घाबरट. पहिल्या सासूला अजून सांगितलेलं नाही म्हणे. मी म्हटलं, सांगून टाक की, सासू काय वाघ आहे? दुसऱ्याला सल्ला द्यायला मला काय जातंय.

गुडघ्याला तेल लावत जा. मी पुढच्या महिन्यात येणारच होते, पण या ऑर्डरमुळे जमेल असं वाटत नाही.

तुमची,
समीक्षा


जासई,
२० नोव्हेंबर

समीक्षा बाय,

तुजा कागद आनि कळी काशीरामनी आनून दिली. माजा गुडघा दुकतो. खरंखरं सांग म्हनालीस म्हनून सांगितलं.

कळी बघितली. वीण चांगली हाय, टाका सारखा हाय, कुठं चुकलेला नाय. ओली करून उशीवर टाचन्या लावून ताणून ठेवली, उन्हात सुकवली. टाचन्या काडल्या तशी परत आखडली. मंजे आखनी बरोबर हाय. दोरा आनि सुई तीच हाय तर मंग राह्यला हात. तुजा हात घट्ट पडतोय.

तुजा हात मला म्हाईत हाय. पोरी हसतखेळत इनायला बसल्या की टाका सैल पडतो, मनात कायतरी दाबून बसल्या की घट्ट. प्रितम गेला त्या साली तू टेबलावरचा रुमाल केलास, तो पापडासारका कडक झालाय. मी त्याच्यावर तांब्या ठेवते. पानी सांडलं तरी खाली जात नाय.

गिराईकाच्या कामाला एवडा घट्ट हात कशाला? आनि बाकीच्या कळ्या सैल, हीच एक घट्ट, ते कसं? ही कळी पोटावर येते.

आता नवी करताना घाई करू नको. आनि त्या बाईला सांग, सासूला काय सांगायचं ते तिनं सोता सांगावं. मधल्या मानसाच्या हाती निरोप धाडू नये.

सुकट संपली की कळव.

गोदूबाई


नवीन पनवेल,
२५ नोव्हेंबर

तीर्थरूप आईंना,
समीक्षाचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्यासाठी मलम पाठवते आहे, रात्री लावून वरून फडकं बांधायचं. इकडे थंडी नावालाच पडली आहे. घेराचं काम निम्म्यावर आलंय, खाली उतरताना खांब लांब करत गेले की घेर आपोआप सुटतो, ते तुम्ही तोरणात शिकवलं होतंत तसंच. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. शेजारच्या काकू आता सुकट मागायला लागल्या आहेत.

आई, बातम्या संपल्या.

गिऱ्हाईक कोणी नाही. ड्रेस माझा आहे.

हे एवढं वाक्य लिहायला मी दोन कागद फाडले. तुम्हाला फसवायचं नव्हतं. कळी खरंच बिघडत होती आणि विचारायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून गिऱ्हाइकाला पुढे केलं. वाटलं, तिच्या आडून बघावं तुम्ही काय म्हणता ते. तुम्ही म्हणालात की सोता सांगावं. मग सांगते.

त्यांचं नाव सुशांत. तळोज्याला कारखान्यात आहेत, पाळीचं काम असतं. बहीण विनिता माझ्याकडे क्रोशा शिकायला यायची, तिला न्यायला ते यायचे. दाराबाहेर उभे राहायचे, आत या म्हटलं तरी येत नसत. एकदा माझ्या लडीचा गुंता झाला होता, तर पायरीवर बसून तो सोडवत बसले, तोपर्यंत विनिता कंटाळून एकटीच घरी निघून गेली. बोलतात कमी. प्रितमसारखे नाहीत. प्रितम खोलीत आला की खोली भरायची, यांचं तसं नाही. हे गेले की कळतं की मघाशी कोणीतरी होतं. प्रितमबद्दल मी त्यांच्याशी बोलते आणि ते ऐकतात. मध्ये घाईने विषय बदलत नाहीत.

लग्न जानेवारीच्या अखेरीस करायचं म्हणतो आहोत. सुशांत पहिल्यापासून म्हणतायत, आधी जासईला जाऊ, आईंना विचारू, मग तारीख घेऊ. मीच टाळते आहे. पुढच्या महिन्यात यायला जमणार नाही असं लिहिलं, ते ऑर्डरमुळे नव्हतं. तुमच्यासमोर बसून मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलायचं धाडस नव्हतं.

भीती कसली ते नीट सांगते. तुम्ही रागवाल याची नाही. तुमचा राग मी खूप बघितलाय, पहिल्या वर्षी मी आमटी करपवली तेव्हापासून. लोक काय म्हणतील याचीही फारशी नाही. प्रितम गेल्यावर गावातल्या बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या तेव्हा तुम्हीच मला म्हणालात, इथं बसून भिंतीकडं बघू नको, पनवेलला जा, हातात इद्या हाय. तुम्ही स्वतः माझं सामान बांधलंत.

भीती वेगळीच आहे. आता मी तुमची सून आहे. लग्न झालं की ती राहणार नाही. मूलबाळ असतं तर त्याच्या नावाने तरी येणं-जाणं राहिलं असतं, तेही नाही. मग मी तुमची कोण? माझी आई गेली तेव्हा मी बोलतसुद्धा नव्हते. वाढवलं मामीने, तिला मामीच म्हटलं. 'आई' अशी हाक मी आयुष्यात पहिल्यांदा मारली ती तुम्हाला, लग्न होऊन घरात आले त्या दिवशी, आणि तुम्ही चुलीपाशी बसल्या बसल्या 'काय गं' म्हणालात. तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. मी मागच्या दारी जाऊन रडून आले होते.

ती हाक मला परत द्यावी लागेल का, एवढंच विचारायचं आहे.

तुम्ही नको म्हणालात तर मी लग्न मोडेन, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. मोडणार नाही, आई. सुशांतचा त्यात काही दोष नाही आणि मलाही पुन्हा कोणाबरोबर जेवायला बसावंसं वाटतं. पण तुमच्या मनाविरुद्ध असेल तर तो ड्रेस मी घालणार नाही. आहे ती एखादी साडी नेसून सही करून येईन.

मधली कळी नव्याने केली, तीही उसवली आहे. आता सुईला हात लावत नाही.

तुमची,
समीक्षा


जासई,
३ डिसेंबर

समीक्षा बाय,

कागद मिळाला. लगेच लिवलं नाय कारन मला राग आला होता. राग लग्नाचा नाय. गिराईकाचा आला.

अगं, तुज्या लग्नाच्या चोळ्या कोनी शिवल्या? मीच ना? उजवा खांदा उतरता आनि पाठीला पोक, असं माप आख्ख्या उरण तालुक्यात दुसऱ्या कोनाचं हाय? पयल्या कागदातच मला समजलं. कळी उशीवर टाचली ना, तवा मी शैलेशच्या बायकोला म्हनलं पन, ही समीक्षाची कंबर हाय. ती म्हनली, तुमाला भास होतो. मी मनात म्हनलं, बघू किती दिस गिराईक चालवते.

सोता सांगावं असं लिवलं ते तुज्यासाटीच लिवलं.

आता माजं पन ऐक. मी चार दिस जेवले नाय नीट. तुला खोटं कशाला सांगू. प्रितमच्या खोलीत जाऊन बसले. वाटलं, आता त्याचं नाव काडनारं मानूस पन दुसऱ्याच्या घरी चाललं. शैलेश काडत नाय, भाऊ ना त्याचा, त्याला सोसवत नाय. तू आलीस की तुज्याशी बोलायची त्याच्याबद्दल, तुज्याजवळच बोलता यायचं. ते जानार म्हनून रडले. तू जानार म्हनून पन रडले. मंग तू लिवलं ते परत वाचलं, का तो मानूस प्रितमबद्दल ऐकून घेतो. ते मी दोनदा वाचलं. बरं वाटलं. पट्टीच्या कडा घासून आनतो तो मानूस वाईट नसनार, ते पन मला वाटलेलं. पन लगेच त्याच्याशी हसून बोलंन असं समजू नको. मला येळ लागंल. त्याला सांग तसं.

प्रितमचा फोटो तुज्याकडं हाय. नव्या घरी लावायचा नसंल तर मला दे, बॅगेत खाली घालून ठेवू नको.

'आई' म्हनायचं परत द्यायचं का इचारतेस. असं कायतरी इचारतात का? तू आमटी करपवलीस तवा शेजारच्या भामाला मी काय सांगितलं म्हाईत हाय? माज्या पोरीनं करपवली म्हनलं. सुनेनं म्हनलं नाय. तुला आता सांगते.

मधली कळी मी केलीया. तुजा हात त्या कळीला लागायचा नाय, मला म्हाईत हाय, म्हनून मीच केली. डोळ्याला दिसत नाय नीट, दोन दुपारी गेल्या. टाका थोडा सैल हाय, असू दे. लग्नाचं जेवन झाल्यावर पोट फुगतं. सोबत पाठवलीय. जोडताना उलटी लावू नको. ताकाचा रंग काय मला आवडला नाय, पन तुज्या मनाचा हाय.

शैलेशनी चवकशी केली. तो म्हनतो नोंदनीला तीन मानसांच्या सह्या लागतात. दोन तुमी बघा. तिसरी माजी. तो म्हनला, आई, तू तिथं कोन म्हनून जानार? मुलाची आई सुनेच्या लग्नात सही करते असं कोनी आयकलं नाय. साहेब इचारतील, तुमी नवरीच्या कोन?

मी म्हनलं, इचारू दे. मी सातवी शिकलेली हाय, मला उत्तर देता येतं.

तारीख कळव. दोन दिस आदी येईन, पोरीच्या घरी आई आदी जाते.

तुजी आई,
गोदूबाई