आत्याने आखूड केलेले पट्टे

९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहायचं, हे मला आता आवडायला लागलंय, कारण पत्रात मध्येच बाबा बोलू शकत नाहीत. घरी सध्या ते तेवढंच काम करतात.

निमित्त माझी बुटकी गाडी. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, जिच्यातून उतरताना बाबांना कुणीतरी हात द्यावा लागतो, तीच. तिच्यात मी हार्नेस बसवून घेतला. म्हणजे सहा पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून, आणि सगळे येऊन पोटावरच्या एका बकलात अडकतात. गॅरेजवाल्या मित्राने सीट बदलली आणि मागे आडवा लोखंडी दांडा बोल्टांनी पक्का केला, कारण खांद्याचे पट्टे मागे सरळ जायला हवेत. ते खाली जमिनीला बांधले तर धडकेत पाठीचा कणाच दाबला जातो. रस्त्यावर मी गाडीचा मूळचाच बेल्ट लावते. हे सहा पट्टे शर्यतीपुरते. जुन्या धावपट्टीवर शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेक गाडी घड्याळ लावून काढायची. पुढच्या महिन्यात पहिली शर्यत आहे आणि मी नाव दिलंय.

बाबांचं म्हणणं, गाडी बनवणारे काय मूर्ख आहेत का, त्यांनी एक बेल्ट दिलाय तो पुरे. ज्या खेळात माणसाला गाठोड्यासारखं बांधावं लागतं तो खेळायचाच कशाला. जन्मभर विमा कार्यालयात अपघातांच्या फायली चाळल्या त्यांनी, त्यामुळे रस्त्यावर त्यांना गाड्या दिसतच नाहीत, नुसते दावे दिसतात. मी सांगून टाकलं, शेंडी तुटो की पारंबी, मी पळवणार. आई आमच्या मध्ये पडत नाही, ती रेडिओ मोठा करते.

अडचण एकच आहे. हार्नेस कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा आहे. कमरेचे पट्टे पार शेवटपर्यंत ओढले तरी मध्ये माझी मूठ जाते, आणि इतका सैल पट्टा असला तर धडकेत माणूस त्याच्याखालून सरकतो. बघू काय जमतं ते.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया बाबांच्या सांगण्यावरून कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बघू काय जमतं ते म्हणे. घरात सुतार असताना मोडक्या खुर्चीवर बसायची तुझी जुनी खोड आहे. कमरेचे दोन्ही पट्टे काढ आणि इकडे पाठव, सोबत तुझ्या कमरेचं माप. तेही खरं पाठव, मुली मापात लबाडी करतात.

चाळीस वर्षं मी तंबू शिवले, ताडपत्र्या शिवल्या, होड्यांची आच्छादनं शिवली. वादळात खांब उखडले, पण माझी शिवण उसवली असं सांगत आजवर कुणी दुकानाची पायरी चढलेलं नाही. त्या मशीनने माझे कान खाल्ले, पण हात शाबूत आहेत. तुझे दोन पट्टे म्हणजे माझ्या सकाळच्या चहाआधीचं काम.

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. धाकट्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. हा पोहायला शिकला तो गुडघाभर पाण्यात, आणि तिथेही एक हात काठाला. त्याचं ऐकत बसले असते तर मी दुकान काढलं नसतं. बाईमाणसाने ताडपत्र्या शिवायच्या म्हटल्यावर चार लोक हसले होते. त्यांच्याच ट्रकांवर पुढे माझ्या ताडपत्र्या चढल्या. तेव्हा तू खुशाल पळव. बांधायचं काम माझ्याकडे लागलं.

जेवत जा. आठवण काढत जा.

तुझी,
आत्या

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पट्टे वेळेवर आले आणि अंगाबरोबर बसले. काय शिवण होती, आत्या. चौकोन आणि मध्ये फुली, एक टाका इकडचा तिकडे नाही. गॅरेजवाला मित्र ती बोटाने चाचपत बसला होता. आणि तरीही मला पळू दिलं नाही.

शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासतात. तपासणीस म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ, दोरीला बांधलेला चष्मा. दांडा बघितला, बोल्ट बघितले, मान डोलावली. मग कमरेचा पट्टा उलटा करून शिवण बघितली आणि विचारलं की ही कुठली. मी अभिमानाने सांगितलं, माझ्या आत्याची. त्याने गाडी बाजूला काढायला लावली. घरी शिवलेला पट्टा चालत नाही, कितीही चांगला शिवलेला असला तरी. बनवणाऱ्यांकडून लहान मापाचा मागवा, असं वर शिकवलं. सगळ्यांसमोर गाडी ढकलत बाहेर आणली मी. गाढवाला गुळाची चव काय.

बाबा कुंपणाबाहेर उभे होते, न सांगता आले होते. घरी येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रडू आलं. जेवताना म्हणाले, आता पट्टेही काढ आणि गाडीही. मी ताट सारून उठले.

मी काही मागवणार नाही. तुझी शिवण त्या माणसाच्या नियमाला हरली, हे मला मान्य नाही. आमच्यातले काही जण बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात गाड्या पळवतात. सिमेंटची मोठी मोकळी जागा आहे, कडेने भिंत आहे, आणि तपासायला कुणी येत नाही. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी मी तिथे जाणार आहे, तुझेच पट्टे लावून. घोडामैदान जवळच आहे.

आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्त.

तुझी,
भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र मी ट्रकवाल्याच्या हाती पाठवते आहे, टपालावर माझा भरवसा नाही. आधी पाकिटातला पट्ट्याचा तुकडा काढून बघ, मग पुढे वाच.

तुझी लेक माझ्या शिवणीसाठी भांडून आली, याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या तपासणीसाला चार ओळी खरमरीत लिहायच्या ठरवल्या. पण नुसत्या तोंडच्या वाफेने काय होतं, पुरावा हवा. पट्टे आखूड करताना कापलेले तुकडे माझ्याकडे होते. एक तुकडा दुमडून अगदी तसाच शिवला, तोच दोरा, तीच सुई. शेजारच्या गॅरेजात इंजिन उचलायची साखळी आहे. तिला तुकडा अडकवला, खाली जमिनीतल्या कडीला बांधला आणि मिस्त्रीला साखळी ओढायला लावली. मी समोर हाताची घडी घालून उभी, जिंकल्यासारखी.

शिवण हलली नाही, धाकट्या. पट्टा फाटला. जिथे जिथे माझी सुई गेली तिथे तिथे भोक, आणि त्या भोकांच्या रांगेवरून फर्रकन गेला, कागद फाडावा तसा. मग बिनशिवलेला तुकडा लावला. मिस्त्री घामाघूम झाला, तुकडा जसाच्या तसा. मी दोनदा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. ज्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्या पोरीच्या कमरेला माझ्या हाताने भोकं पाडली.

तिला वेगळं पत्र घातलंय, लावू नकोस म्हणून. पण ती माझीच भाची, ती म्हणेल आत्या फितूर झाली, बाबांनी लिहवून घेतलं. तेव्हा रविवारी तू जा. मी आजवर तुला कधी काही मागितलेलं नाही, नुसतं सांगितलेलं आहे. हे मागते आहे. पाया पड, भांड, काय वाटेल ते कर, पण त्या पट्ट्यांत तिला बसू देऊ नकोस.

आणि हे बघ, गाडी विकायची भाषा मध्ये आणू नकोस. चूक पट्ट्यांची आहे, पोरीची नाही.

पोहोचल्याचं कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

मी तुझ्यावर रागावलेली आहे, हे आधी सांगते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं आणि तुला वाटलं तसंच झालं. मला वाटलं बाबांनी तुला घाबरवलं. मी पत्र कपाटात टाकलं आणि रविवारी कारखान्यावर गेले. माझी पाळी आली म्हणून हेल्मेट घेऊन गाडीकडे वळले तर आत बाबा. ड्रायव्हरच्या सीटवर. कसे शिरले देव जाणे. रिक्षा करून आले होते म्हणे. खांद्यांचे पट्टे गळ्यात, आणि कमरेचे त्यांच्या पोटाला पुरेनात म्हणून दोन टोकं दोन मुठीत धरून बसलेले.

मी सांगून पाहिलं, ओरडले, मित्रांनी विनवण्या केल्या. बाबांनी शांतपणे एवढंच सांगितलं की ते उतरणार नाहीत. त्यांना हात दिल्याशिवाय त्या गाडीतून उतरता येत नाही, आणि हात ते कुणाला देईनात. बाकीच्यांच्या गाड्या पळून झाल्या. लोक हसत होते, त्यांच्यावर आणि माझ्यावर. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. शेवटी मी खाली उकिडवी बसले आणि विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय. तेव्हा त्यांनी खिशातून तुझा तो तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

तुझी शिवण मी ओळखते. ती शाबूत होती, आणि तिच्याभोवती पट्टाच नव्हता. मी भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीपर्यंत मी जोरात जाऊन वळणार होते. मग बाबांना उतरायला हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला.

रागावले यासाठी की तू इतक्या खात्रीने लिहिलं होतंस. आणि माझा स्वतःवर राग आहे तो वेगळा. घरी येताना बाबांना मी बजावलं की गाडी विकणार नाही. ते म्हणाले, त्यांनी विषयच काढलेला नाही.

अजून लोभ आहे. रागातही आहे.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रागाव, पोटभर रागाव. मी तुझ्या जागी असते तर पत्रही लिहिलं नसतं.

फक्त रागावून घरी बसू नकोस, म्हणजे त्या कुंपणाबाहेरच्या माणसाला फुकट समाधान. लहान मापाचा हार्नेस मागव आणि पुन्हा नाव दे. पहिल्यांदा गाडी ढकलत बाहेर आणलीस ना, आता चालवत आत ने. तपासणीसाला माझा निरोप दे की पट्ट्याच्या बाबतीत त्याचं खरं होतं. पण शिवणीला त्याने नावं ठेवली तर मी येऊन भांडेन, असंही सांग. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्याला इलाज नाही.

तू नीट आहेस, एवढं मला पुष्कळ झालं. बाकी आपण भेटलो की भांडू.

तुझी,
आत्या

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हेही भिंगरीने बसवून लिहायला लावलं आहे, आणि लिहून झालं की वाचणार नाही असं कबूल केलं आहे.

नवे पट्टे आले. तपासणीसाने पास केले. तुझा निरोप ऐकून त्याने चष्मा पुसला आणि तुला नमस्कार सांगितला. ती पळाली. दोन शंकू पाडले, चौथी आली, आणि आल्यापासून घरात तिसऱ्या नंबरवालीच्या टायरांबद्दल वाईटसाईट बोलते आहे. ते ती तुला सविस्तर लिहीलच.

मला हा प्रकार पटलेला नाही, ताई, आणि पटणारही नाही. हे मी तिला धावपट्टीवर उभा राहून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की पट्टे ओढता का. बसलेल्या माणसाला शेवटचा ताण स्वतः देता येत नाही, बाहेरून कुणीतरी वाकून ओढावा लागतो. तिचा मित्र तिथेच उभा होता. तिने मला विचारलं.

मी त्या बुटक्या गाडीत डोकं घातलं आणि ओढलं. ती म्हणाली, सैल आहे. लहानपणी तिच्या बुटाची नाडीसुद्धा मी सैल बांधायचो, पाय दुखेल म्हणून. पुन्हा ओढलं. तिने अजून ओढायला सांगितलं. तेव्हा मी गुडघा सीटला टेकवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तिला हूं करता येईना इतकं घट्ट झालं, आणि तिने मान हलवली. मग दार मीच लावलं आणि बाजूला झालो.

इकडे सर्व खुशाल. तू ये.

तुझा,
धाकटा