जरा नाजूक आहे

प्रिय दादा,

कंबर कशी आहे? "मला उचलू नकोस," म्हणून मी ओरडत होते. पण लहानपणापासून तू मला पोत्यासारखं उचलत आलायस, ऐकशील कसा? जिम लावल्यापासून माझे दंड भरलेत आणि वजनही वाढलंय, हे सांगायचं राहिलं. अर्ध्या जिन्यात तुझ्या कंबरेत उसण भरली आणि आपण दोघांनीही बसकण मारली.

दवाखान्यात मग तुलाही व्हीलचेअर मिळाली. मी माझी झोकात वळवत होते, तू भिंतींना धडका देत होतास. तेवढ्यात नर्सने तुझ्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना काय झालंय?"

जन्मभर लोक हेच माझ्या डोक्यावरून तुला विचारत आले. म्हणून मी तुझंच ठरलेलं उत्तर दिलं, "काही नाही हो, जरा नाजूक आहे."

"मला विचारा ना! मला तोंड आहे!" केवढा ओरडलास!

दादा, इतकी वर्षं हेच वाक्य माझ्या ओठांवर होतं. तू एका दुपारीतच म्हणून टाकलंस.

हे पत्र काही पाठवत नाही. तू जिमला यायला कबूल झालायस, उगाच बिथरशील. तिथे पायऱ्या नाहीत, उतार आहे. लागलाच तर हात देईन. पण आधी तुला विचारून.

तुझी,
वजनदार धाकटी