आपलं कापड घेऊन

आई, तुला हसू येईल, पण गेला महिनाभर माझ्या डोक्यात एक कॉम्प्युटर घर करून बसला आहे. तू गेलीस तेव्हा आपल्या गाळ्यात दोन शिलाई मशिनं आणि एक कुरकुरणारा पंखा होता. आता कॅम्प दोनच्या बाजारातल्या त्याच गाळ्यात भरतकामाचं मोठं मशीन आहे, आणि कुठे कुठला टाका घालायचा हे त्या मशीनला सांगणारा कॉम्प्युटर. अगदी छोटा, तुझ्या बटणांच्या डब्याएवढा. टेबलाच्या कोपऱ्यात मावतो म्हणून तर घेतला होता; गाळ्यात जागा किती ते तुला सांगायला नको. इतकी वर्षं बिचाऱ्याने निमूट काम केलं. पण हल्ली गिऱ्हाइकं जॅकेटच्या अख्ख्या पाठीवर मोर मागतात, आणि एवढा मोठा मोर उघडायचा म्हटलं की हा मध्येच अडकतो. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहतं आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

नवा आत्ता घ्यावा की थांबावं, एवढाच प्रश्न. तुझा नातू म्हणतो, थांब. पुण्याला बसून तो मला फोनवर समजावतो की मेमरी सध्या महाग झाली आहे, थोड्या दिवसांत नवीन मॉडेल येईल, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दुकानवाला म्हणतो, आजच घ्या, पुढे भाव आणखी चढतील. मला दोघंही बरोबर वाटतात. माझं हे असंच आहे, समोरचा बोलत असेपर्यंत मला तो बरोबरच वाटतो. तू असतीस तर दोघांच्याही हातात चहाचा कप देऊन त्यांना गप्प केलं असतंस.

परवा दुकानात जाऊन आले. त्याने नवा डबा पडद्याला जोडून दाखवला. धबधबा, त्याच्यावरून उडणारे पक्षी, पिसं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ चित्र. मी पर्समध्ये हात घातलाही होता, आणि मला ते पांढरं पॉपलिन आठवलं.

मी नववीत असेन. शिलाई मशीन घ्यायला तू मला बरोबर नेलंस. शेठ काउंटरवरचा पॉपलिनचा तुकडा सुईखाली सरकवतो, मशीन सर्रकन पळतं, आणि तो म्हणतो, देखो बाई, एकदम मक्खन. तू पिशवीतून जीन्सचा तुकडा काढतेस, घडी घालून चार पदर करतेस, आणि शिवणीवर शिवण येते ती सगळ्यात जाड जागा नेमकी सुईखाली धरतेस. सुई कट्कन तुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सगळं दुकान आपल्याकडे बघत होतं. तू मात्र शांतपणे दुसऱ्या मशीनकडे बोट दाखवलंस. त्यावर टाके सुटले. तिसरं मशीन ती जागा बिनतक्रार चढून गेलं, तेव्हा कुठे तू मान हलवलीस. शेठ आधी वैतागला होता, शेवटी हसला. "बाई, तू मशीन लेने नहीं, उसका इम्तिहान लेने आई है," म्हणाला. परतताना तू मला एवढंच सांगितलंस, की दुकानातलं कापड दुकानदाराच्या बाजूचं असतं, आपण आपलं घेऊन जावं.

म्हणून काल मी पुन्हा गेले, पेन ड्राइव्हमध्ये आमचा सगळ्यात अवजड मोर घेऊन. पर्समधून पेन ड्राइव्ह काढताना आणखी एक वस्तू काउंटरवर पडली. तुझा तो जीन्सचा तुकडा. सकाळी तुझ्या बटणांच्या डब्यातून उगाच उचलून घेतला होता. दुकानवाल्याला वाटलं, पडद्यावरची धूळ बघून मी फडकं काढलं. त्याने ओशाळून पडदा स्वच्छ पुसून घेतला, आणि मी त्याला पुसू दिलं. मग त्याने मोर उघडला. पिसाऱ्यासकट उघडला, कुठेही न अडकता.

एवढं होऊनही मी तो घेतला नाही. पोराचं 'थांब' कानात होतं. गाळ्यावर आले आणि आमच्या डिझाइनवालीला सांगितलं की दिवाळीपर्यंत थांबू या. ही अंबरनाथहून येते. मला ती मुलगीच वाटते, पण तिचीच लेक आता बोबडं बोलू लागली आहे. हात असा, की तिने काढलेलं पान वाऱ्याने हलेल असं वाटतं. कॉम्प्युटर अडकला की ती निमूट उठून सुटे धागे कापत बसते, आणि राहिलेलं काम संपवायला संध्याकाळी मागे थांबते. मी सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली. मग पर्सची चेन लावता लावता म्हणाली, "ताई, मी थांबेन हो. पण पाळणाघरवाल्या काकू थांबत नाहीत." तिच्या घराजवळच्या कारखान्यात तिला बोलावलं आहे, तिथे वेळेवर सुटी होते, पुढच्या महिन्यापासून तिकडे जावं म्हणतेय, हेही तिने त्याच मऊ आवाजात सांगितलं. ती गेली तर नव्या कॉम्प्युटरवर मोर काढणार कोण, मी?

ती निघून गेली आणि मला तुझं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तेव्हा गाळा नव्हता, दोन्ही पायमशिनं अंबरनाथच्या घरात ओट्याला लागून होती. एकावर तू, दुसऱ्यावर विहारात ओळख झालेली मावशी. एका मशीनला मोटर बसवायची होती. मी शहाणपणा केला, म्हटलं, दिवाळीला सूट मिळते, थांबू या. तू भाकरी थापत होतीस, हात न थांबवता मान वर केलीस. "थांबू की. पण थांबतंय कोण, ते आधी सांग." मावशीचे गुडघे सुजून टम्म झालेले, पाय मारताना ती ओठ चावायची. रोज माझ्या समोर बसायची आणि मला दिसलं नव्हतं. मोटर दुसऱ्याच दिवशी आली आणि मावशीच्या मशीनला लागली. तू मात्र पुढे कितीतरी वर्षं पायच मारत राहिलीस, आणि माझं कॉलेज त्या पायांवर झालं. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. आज मानते, आई. तू दिलेल्या सगळ्या वस्तू झिजल्या, तुझा तो प्रश्न अजून रोज कामाला येतो.

आज सकाळी जाऊन नवा कॉम्प्युटर घेऊन आले आणि तिच्या टेबलावर ठेवला. नातू म्हणाला, घाई केलीस. केली असेन. ती म्हणाली, ताई, नवा तुमच्याकडे ठेवा, मी जुन्यावर भागवते. मी म्हटलं, मला काय, बिलंच तर काढायची असतात. तिने दुपारी मोर संपवला आणि अंगावर ऊन घेत घरी गेली. पुढच्या महिन्याचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. दारातून एवढंच म्हणाली, उद्या मोराशेजारी लांडोर काढून बघू.

मलाही आता बदलापूरला घरी निघायला हवं, पण मी जुन्या कॉम्प्युटरवर हे लिहीत बसले आहे. पाठवायचं तर कुठे, तेव्हा इथेच राहील. मघाशी दोनदा अडकला, आता पुन्हा अडकेलसं वाटतं. तुला म्हणून सांगते, मला जरासुद्धा राग आला नाही. चक्र फिरत होतं तेवढा वेळ तुझा तुकडा हातात घेऊन बसले. आज थांबणारी मीच आहे.