ताजा तुटलेला दगड

१२ जाने. १९८४, पालघर
कॉलेज सुटल्यावर बोईसरपलीकडच्या दगडखाणीवर. काळ्या बेसॉल्टमध्ये उभी घुसलेली करडी डाइक, दगडाची भिंतच जणू, हातभर रुंद, आत पांढरे पट्टे. आम्लाचा थेंब टाकला, फसफसला. कार्बोनटाइट असेल तर? म्हणजे समुद्रातला चुना नव्हे, पृथ्वीच्या पोटात वितळून वर आलेला. इकडे कुणाला मिळालेला नाही. ही म्हणते, आतापासूनच गुडघ्याला बाशिंग.
खडी फोडणारी बारकीबाई म्हणाली, "मास्तर, ह्यो दगड खडीला चालत नाय. घण बसला का भुगा." तिला माझ्याआधी कळलं होतं तर.

२९ जाने.
डाइक रोज थोडी थोडी क्रशरमध्ये जातेय. मला रोज जमत नाही, म्हणून बा.बाई तुकडे बाजूला काढते. तिला समजावलं: ऊनपाणी खाल्लेला नको, त्यातलं सगळं बदललेलं असतं. ताजा तुटलेलाच हवा.
"म्हंजे मासळीवानी," म्हणाली. हसलो दोघं.

१८ फेब्रु.
तिने अकरा तुकडे दिले. वरची बाजू कुठली, ते कोळशाने खूण करून. माझी कॉलेजची पोरं एवढं करत नाहीत. चार मुंबईला प्रयोगशाळेत धाडले. स्ट्रॉन्शियम, निओबियम भरपूर निघालं तरच कार्बोनटाइट खरा.

९ मार्च
बारकीबाई गेली.
सुरुंगानंतर सैल झालेला कडा खाली येईपर्यंत कुणी पुढे जात नाही. ती गेली. मुकादम म्हणाला, "मना किया था. बोली, मास्टर को ताजा चाहिए."
जेवलो नाही. पुढे काही लिहवत

११ मार्च
पाड्यावर जाऊन आलो. तिचा नवरा देवजी अंगणात बसलेला. त्यानेच मला पाणी दिलं. ही म्हणते, दोष खाणवाल्याचा. असेलही. पण तिला पुढे धाडलं माझ्या बोलण्याने, आणि हे मी कुणापाशी बोललेलो नाही.

२ मे
अहवाल आला. स्ट्रॉन्शियम नावाला, निओबियम नाहीच. डाइक साधी. पांढरं ते भेगांत झिरपलेल्या पाण्याने नंतर साठवलेला चुना. नुसत्या फसफसण्यावर भाळू नये, हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो. लाज वाटते. तिची तर फार आठवण येते.

६ मे, रविवार
देवजी आला. घरात सापडलेली पिशवी घेऊन. तिने नंतर जमवलेले पाच दगड ओट्यावर एकेक मांडले.
"मास्तर, तिचा दगड कामाचा निंगाला का?"
अहवाल टेबलावर उघडाच होता. त्याला वाचता येत नाही.
"अजून तपासतायत," म्हणालो.
उठताना म्हणाला, "आनखी लागंल मंग. खानीत थोडा हाय तसला. मी आनून देतो."
नको म्हणालो, दोनदा. का नको ते नाही सांगितलं. त्याने मान हलवली, पण ती हो की नाही ते कळलं नाही.
उद्या दुपारी सुरुंग आहे. त्याआधी पाड्यावर जायला हवं. तिचा दगड कशाचाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर